वाचकांचे प्रश्न : मॉनिटर खराब निघाला, आता दाद कुणाकडे मागायची?

या वेळी आलेल्या मेलमध्ये निम्म्याहून जास्त मेल मॉनिटरबद्दलच आहेत. घरून काम, पोरांचा अभ्यास, गेमिंग, डीटीपी, सगळ्यांनीच लॅपटॉपला जोडायला मोठी स्क्रीन घेतलीये आणि ती बिघडली की सगळेच येऊन अडतात ते कस्टमर केअरपाशी. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, आज फक्त हाच विषय.

प्रश्न : ताई, दिवाळीच्या सेलमध्ये मुलीच्या डिझाइनच्या कोर्ससाठी 27 इंची मॉनिटर ऑनलाइन मागवला. दोन-तीन दिवस मस्त चालला आणि मग स्क्रीनवर उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ आली ती गेलीच नाही. वेबसाइटवाले म्हणतात कंपनीशी बोला, कंपनीवाले म्हणतात टेक्निशियन येऊन बघेल, तो येतो येतो म्हणून आलाच नाही आणि आता वेबसाइट म्हणते तुमची सात दिवसांची रिटर्न विंडो संपली. चॅटवर दर वेळी नवीन माणूस, पहिल्यापासून सगळं सांगायचं. आमचे पैसे बुडाले का? (एक गृहिणी, ठाणे)

उत्तर : नाही ताई, बुडाले नाहीत. फक्त आता फोन आणि चॅट बाजूला ठेवा आणि जे काही बोलायचं ते लेखी बोला.

आधी एक छोटी टेस्ट करून घ्या म्हणजे पुढे कुणी तुमच्या लॅपटॉपवर किंवा केबलवर ढकलायला नको. मॉनिटरच्या खाली किंवा मागे जे बटण असतं ते दाबून ब्राइटनेस वगैरेचा त्याचा स्वतःचा मेन्यू उघडा. हा मेन्यू लॅपटॉपमधून येत नाही, मॉनिटरच तयार करतो. शक्य असेल तर मेन्यूची जागा सेटिंगमधून सरकवून रेघेच्या वर आणा. रेघ मेन्यूच्या अंगावरूनही तशीच आरपार जात असेल तर दोष मॉनिटरचाच, बहुतेक वेळा पॅनलच्या कडेला जी पातळ पट्टी चिकटवलेली असते तिचा जोड सुटलेला असतो. मेन्यू एकदम स्वच्छ दिसतोय आणि रेघ फक्त मागच्या चित्रात आहे, तर मग केबल, पोर्ट किंवा लॅपटॉपचं ग्राफिक्स बघावं लागेल. दुसरी खूण, लॅपटॉपवर स्क्रीनशॉट काढून तो मोबाइलवर बघा, त्यात रेघ नसेल तर लॅपटॉपने तयार केलेलं चित्र स्वच्छ आहे. या दोन्हीचा एकच व्हिडिओ काढा, मिनिटभराचा पुरे, आणि त्याच व्हिडिओत मॉनिटरच्या मागचा सीरियल नंबरचा स्टिकर दाखवा, मध्ये कट न करता.

आता पैशांचं. ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम 2020 सालच्या जुलैपासून लागू आहेत आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल तर मार्केटप्लेसवरच्या विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा रिफंड द्यायला नकार देता येत नाही. रिटर्न विंडो हा त्या वेबसाइटचा स्वतःचा नियम आहे, कायद्याच्या वरचा नाही. त्याच नियमांप्रमाणे प्रत्येक वेबसाइटला तक्रार निवारण अधिकारी म्हणजे ग्रीव्हन्स ऑफिसर नेमावा लागतो, त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क साइटवर टाकावा लागतो, तक्रार आली की 48 तासांत पोच द्यावी लागते आणि एका महिन्याच्या आत तिचा निकाल लावावा लागतो. हे नाव होम पेजवर ठळक सापडत नाही, अगदी तळाशी बारीक अक्षरात ज्या लिंक असतात तिथे जा. चॅटवाल्या मुलाशी भांडण्यात तुमचे दोन तास जातात, त्यापेक्षा या अधिकाऱ्याला एक मेल करा.

मेल लांबलचक नको. अंदाजे असा चालेल : "ऑर्डर नंबर अमुक, डिलिव्हरी अमुक तारखेला. अमुक तारखेला स्क्रीनवर कायमची उभी रेघ आली, व्हिडिओ सोबत जोडला आहे. रिटर्न विंडो चालू असतानाच मी अमुक तारखेला तक्रार नोंदवली, तिकीट नंबर अमुक. टेक्निशियन आला नाही, यात माझी चूक नाही. वस्तू सदोष असल्याने मला बदलून किंवा पूर्ण रिफंड हवा आहे. कृपया लेखी उत्तर द्यावे." संपलं. राग, सेलमध्ये किती उत्साहाने घेतला, मुलीची परीक्षा जवळ आली, यातलं काही लिहू नका. सगळं खरं असलं तरी वाचणारा त्यातून ऑर्डर नंबर शोधत बसतो.

तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे तक्रार विंडोच्या आत नोंदवलेली आहे. ज्यांचा मॉनिटर नवा आहे त्या सगळ्यांनाच सांगते, टेक्निशियनची वाट बघत थांबू नका, आधी रिटर्न रिक्वेस्ट टाका आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, मग खुशाल टेक्निशियन येऊ दे. तो उशिरा येणं हा त्यांचा प्रश्न होतो, तुमचा नाही. आणि विंडो संपेपर्यंत खोका आणि थर्माकोल माळ्यावर टाका पण भंगारवाल्याला देऊ नका, पिकअपला येणारा मुलगा मूळ पॅकिंग नाही म्हणून परत गेल्याच्या तक्रारी माझ्याकडे सारख्या येतात. तो आला की त्याच्यासमोरच सीरियल नंबरचा फोटो काढा, कारण "तुम्ही दुसराच मॉनिटर पाठवलात" हा वाद नंतर निस्तरणं फार जड जातं.

महिन्यात काही झालं नाही तर 1915 वर फोन करा. ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, व्हॉट्सॲपवर करायचं असेल तर 8800001915. मात्र एक समजून घ्या, हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही, ती तुमची तक्रार कंपनीच्या वरच्या माणसांपर्यंत पोचवते आणि उत्तर मागते. पुष्कळदा तेवढ्यानेही काम होतं, कारण तिथे तक्रार वेगळ्या टेबलावर जाते. नाही झालं तर पुढे काय ते खाली सांगलीच्या काकांच्या उत्तरात आहे.

प्रश्न : नवीन मॉनिटरवर बरोब्बर मधोमध एक लाल ठिपका आहे. काळ्या बॅकग्राउंडवर तर डोळ्यात खुपतो. कंपनी म्हणते एका पिक्सेलसाठी बदलून मिळत नाही, आमची पॉलिसी आहे. असं कसं? नवीन शर्टला भोक असलं तर दुकानदार बदलून देतोच ना? (कॉलेज विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : तुझा राग रास्त आहे पण पॉलिसी खरी आहे, म्हणून नीट समजून घे.

फुल एचडी स्क्रीन म्हणजे 1920 गुणिले 1080, म्हणजे 20 लाख 73 हजार 600 पिक्सेल, चित्र बनवणारे बारीक ठिपके, आणि प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन सब-पिक्सेल, एकूण 62 लाखांच्या वर. भिंग घेऊन पांढऱ्या स्क्रीनकडे बघ, या तीन उभ्या पट्ट्या स्पष्ट दिसतात. तुझ्या ठिपक्यावर भिंग धरलंस तर काळ्या स्क्रीनवर त्यातली फक्त लाल पट्टी पेटलेली दिसेल. याला अडकलेला म्हणजे स्टक पिक्सेल म्हणतात. पूर्ण काळा राहिला तर डेड, पूर्ण पांढरा पेटलेला असेल तर ब्राइट.

यासाठी 2001 मध्ये आयएसओ 13406-2 नावाचं मानक आलं, 2008 मध्ये त्याची जागा आयएसओ 9241 च्या 300 मालिकेने घेतली. त्या जुन्या मानकातल्या क्लास दोनमध्ये दर दहा लाख पिक्सेलमागे दोन पांढरे, दोन काळे आणि पाच अडकलेले सब-पिक्सेल चालवून घेतले जायचे. बऱ्याच कंपन्यांच्या पॉलिसी अजून याच धर्तीवर आहेत, म्हणून एका ठिपक्याला वॉरंटीत नाही म्हणतात. काही कंपन्या महागड्या मॉडेलवर एकही ब्राइट पिक्सेल चालणार नाही अशी हमी देतात, तेव्हा तुझ्या मॉडेलची पिक्सेल पॉलिसी कंपनीच्या साइटवर शोध, चॅटवाल्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस.

पण वॉरंटी वेगळी आणि रिटर्न वेगळं. तुझी रिटर्न विंडो चालू असेल तर कंपनीकडे जाऊच नकोस, जिथून घेतलास तिथे रिटर्न टाक, तिथे पिक्सेल मोजत बसत नाहीत, बहुतेक ठिकाणी एक स्पष्ट फोटो पुरतो. विंडो संपली असेल तर मग काही तास वेगाने रंग बदलणारे व्हिडिओ त्या जागी चालवून बघ, अडकलेला पिक्सेल कधीकधी सुटतो, डेड पिक्सेल सुटत नाही. बोटाने दाबून बघायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस, दाबल्याने शेजारचे पिक्सेल जातात आणि वर फिजिकल डॅमेजचा शिक्का बसतो.

माझं स्वतःचं मत विचारशील तर अशी पॉलिसी खोक्यावर आणि प्रॉडक्ट पेजवर मोठ्या अक्षरात छापलेली असायला हवी. पंधरा हजार मोजणाऱ्या माणसाला मधोमध लाल ठिपका चालवून घ्यावा लागेल हे आधी कळलं पाहिजे, पैसे दिल्यानंतर नाही.

प्रश्न : मी 4के मॉनिटर घेतला पण माउस अडखळत चालतो, सेटिंगमध्ये 30 हर्ट्झच्या वर जातच नाही. खराब पीस आहे का? (पिंपरी-चिंचवड)

उत्तर : बहुतेक नाही. 4के म्हणजे 3840 गुणिले 2160, आणि एचडीएमआय 1.4 वरून हे चित्र 30 हर्ट्झलाच जातं, म्हणजे सेकंदाला 30 वेळाच बदलतं, 60 साठी एचडीएमआय 2.0 किंवा डिस्प्लेपोर्ट लागतं. जुना लॅपटॉप, जुनी केबल किंवा स्वस्तातलं टाइप-सी कन्व्हर्टर, यातलं एक जरी जुनं असलं तरी सगळं 30 वर येतं. आधी डिस्प्लेपोर्टने जोडून बघा, मग मॉनिटरच्या मेन्यूत एचडीएमआयची आवृत्ती निवडायचा ऑप्शन आहे का बघा. परत पाठवायची घाई नको.

प्रश्न : आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, फ्लेक्स, अहवाल वगैरे करतो, मी आणि मदतीला मुलगा. गावातल्याच कॉम्प्युटरच्या दुकानातून मॉनिटर घेतला, तीन वर्षांची वॉरंटी. सहाव्या महिन्यात अर्धी स्क्रीन अंधारली. दुकानदाराने बिलावरचा शिक्का दाखवला, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही". सर्व्हिस सेंटरला दिला तर आठवडाभराने सांगतात फिजिकल डॅमेज आहे, पॅनलचे पैसे भरा. माझ्या मॉनिटरला साधा ओरखडा नव्हता हो. वर एक ओळखीचा वकील म्हणाला, तुम्ही दुकानाच्या नावाने जीएसटी बिल घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही. मग मी कोण? (सांगली)

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण पोट ज्या स्क्रीनवर आहे तीच अंधारली की दिवसाची कमाई जाते. एकेक करून सांगते.

तुम्ही ग्राहक आहात. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळलेली आहे हे खरं, पण त्याच व्याख्येखाली खुलासा दिलाय की स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठीच घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी कारणात मोडत नाही. तुम्ही स्वतः त्या मॉनिटरवर बसून काम करता, यावरच घर चालतं, हे वाक्य तक्रारीत पहिल्या परिच्छेदात लिहा, ते राहिलं की समोरचा वकील सगळ्यात आधी तिथेच बोट ठेवतो. जीएसटी नंबर बिलावर असल्याने आपोआप हक्क जात नाही. फक्त त्या बिलावर इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, घेतलं असेल तर रिफंड मिळाल्यावर ते उलटवावं लागेल, तुमच्या सीएला सांगून ठेवा.

शिक्क्याचं म्हणाल तर तो आवडला नाही म्हणून परत आणणाऱ्या गिऱ्हाइकासाठी ठीक आहे, सदोष मालाला नाही. कायद्याच्या कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची यादी आहे, त्यात हेही आहे की सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर 30 दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा. तुमचे सहा महिने झालेत त्यामुळे तुमचा मुख्य आधार वॉरंटी आहे, पण शिक्का बघून गप्प बसायचं कारण नाही, दुकानदारालाही तक्रारीत पक्षकार करता येतं.

आता फिजिकल डॅमेज. इथेच जास्तीत जास्त लोक हरतात आणि हरतात ते कागद नसल्यामुळे. तुम्ही मॉनिटर दिलात तेव्हा जी जॉब शीट मिळाली ती काढा, त्यावर मालाची स्थिती लिहायचा एक रकाना असतो. तिथे काय लिहिलंय? काही नसेल किंवा "ओके" असेल तर ते तुमच्या बाजूचं आहे, कारण डॅमेज होतं तर घेतानाच लिहायला हवं होतं. त्यांना लेखी विचारा : डॅमेज नेमकं कुठे, त्याचा फोटो द्या, कुणी तपासलं त्याची सही द्या. पॅनलला मार बसला असेल तर एका बिंदूपासून कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे फुटलेले दिसतात, बिंदू सापडतो. तडा कुठेच नाही आणि अर्धी स्क्रीन काळोखी, पण टॉर्च तिरका धरून बघितलं तर अंधारात अक्षरं पुसट दिसतायत, तर ती बॅकलाइटची, म्हणजे स्क्रीनला मागून उजेड देणारी, पट्टी गेलेली असते, मार बसल्याची खूण नव्हे. मॉनिटर तुमच्याकडे परत आणा आणि ही टॉर्चची टेस्ट करून व्हिडिओ काढा. गावातल्या दुसऱ्या एखाद्या जाणत्या टेक्निशियनकडून लेटरहेडवर दोन ओळींचा अभिप्राय घ्या, पण खोलायला देऊ नका, सील तुटलं की वॉरंटी गेली म्हणतात.

एवढं जमवून कंपनीच्या नोडल किंवा ग्रीव्हन्स अधिकाऱ्याला मेल, सोबत दुकानदाराला प्रत. पत्ता सापडत नसेल तर खोका बघा, पॅकबंद मालावर ग्राहक तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन आणि ईमेल छापणं वजनमापांच्या कायद्याखालच्या नियमांनी सक्तीचं आहे. पंधरा दिवसांची मुदत द्या. मग 1915. आणि तरी नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, सांगलीतच, कारण 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असो नाहीतर गुरुग्रामला. 5 लाखांपर्यंतच्या मालासाठी फी शून्य आहे, वकील लावायची सक्ती नाही, तक्रार मराठीत लिहिता येते, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. दोष तपासल्याशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. कायद्यात निकालाची मुदत तीन महिने आणि तपासणी लागली तर पाच महिने दिलीये, प्रत्यक्षात तारखा त्याच्या पुढे जातात हेही सांगून ठेवते म्हणजे निराश व्हायला नको. कामासाठी तोवर एखादा जुना मॉनिटर बघून ठेवा.

एकटं जायला धीर होत नसेल तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना गाठा. पुण्यात 1974 मध्ये बिंदुमाधव जोशींनी ही चळवळ उभी केली, मुंबई ग्राहक पंचायत 1975 ची, म्हणजे देशात ग्राहकांसाठी वेगळा कायदा व्हायच्या दहा वर्षांहून आधीपासून महाराष्ट्रातली ही माणसं हे काम करतायत. तक्रारीचा मसुदा कसा असावा हे ती मंडळी नीट समजावून सांगतात.

प्रश्न : मॉनिटरच्या मागच्या लोखंडी पट्टीला किंवा केबलच्या टोकाला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात. पावसाळ्यात जास्त. रिटर्न करू का? (चिपळूण)

उत्तर : आधी वायरमनला बोलवा, आजच्या आज, आणि तो येईपर्यंत मॉनिटर वापरू नका, प्लग काढून ठेवा. घराचं अर्थिंग नसलं किंवा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटात अडॅप्टर लावून घुसवला असला की पॉवर सप्लायमधून अगदी थोडा करंट बॉडीवर येतो, तो जमिनीत जायला वाट नसते म्हणून हाताला जाणवतो. अर्थिंग नीट केल्यावर झिणझिण्या थांबल्या तर मॉनिटर चांगला आहे. अर्थिंग पक्कं असूनही येत असेल किंवा जोराचा झटका बसत असेल तर वापर बंदच ठेवा आणि तक्रारीत "शॉक लागतो" हेच शब्द लिहा, सुरक्षेची तक्रार सहसा लवकर पुढे सरकते.

प्रश्न : मॉनिटर चालू होत नव्हता म्हणून गुगलवर कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधला. माणूस अगदी सभ्यपणे बोलला, म्हणाला रिफंड देतो, एक ॲप टाका, मग एक लिंक पाठवली आणि पाच रुपये भरून रजिस्टर करा म्हणाला. नवऱ्याने वेळेवर फोन काढून घेतला. पण पाच रुपये गेलेत आणि ॲप अजून फोनमध्ये आहे. काही धोका आहे का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आहे ताई, आणि हे वाचेपर्यंत थांबायला नको म्हणून तुम्हाला मेलवर लगेच उत्तर दिलं होतं, बाकीच्यांसाठी इथे परत देते. पहिल्यांदा फोनचं इंटरनेट बंद करायचं, मग ते ॲप काढून टाकायचं. ते स्क्रीन शेअरिंगचं ॲप असतं, तुमच्या फोनवर येणारा ओटीपी समोरच्याला दिसतो. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून कार्ड, नेटबँकिंग आणि यूपीआय थांबवायचं, पाच रुपये ज्या कार्डाने भरले ते तर आधी, कारण त्या पानावर कार्डाचा नंबर टाकलेला असतो, पाच रुपये हे फक्त निमित्त. पैसे गेले असोत वा नसोत 1930 वर सायबर तक्रार नोंदवायची, पैसे गेले असतील तर जितक्या लवकर तितकी ते पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त.

खरा नंबर गुगलच्या निकालात किंवा नकाशावर शोधायचाच नाही. तो तुमच्या खोक्यावर आहे, वॉरंटी कार्डावर आहे, कंपनीच्या स्वतःच्या साइटवर आहे. रिफंड द्यायला कुणालाही तुमचा पिन, ओटीपी किंवा तुमच्याकडून पैसे लागत नाहीत, ज्या मार्गाने भरले त्याच मार्गाने ते परत येतात. घरातल्या आईवडिलांना हे एकदा बसून सांगा, ही माणसं गोड बोलतात आणि आपण आधीच वैतागलेलो असतो, म्हणूनच फसतो.

प्रश्न : भाऊ न्यू जर्सीहून येताना माझ्यासाठी मॉनिटर घेऊन आला, चार महिन्यांत बंद पडला. इथलं सर्व्हिस सेंटर सीरियल नंबर बघून नाही म्हणतं. (कोल्हापूर)

उत्तर : मॉनिटरची वॉरंटी बहुतेक वेळा ज्या देशात विकला त्याच देशापुरती असते, त्यामुळे इथल्या सेंटरचं म्हणणं चूक नाही. वॉरंटी कार्डावर आंतरराष्ट्रीय असं लिहिलंय का तेवढं बघा. नसेल तर भावाने तिथे तक्रार टाकून तिथेच परत करणं हा एकच मार्ग, आणि त्याचा कुरिअर खर्च मॉनिटरच्या किमतीच्या जवळ जातो. व्होल्टेजने जळला असेल अशी शंका घेण्याआधी अडॅप्टरवर छापलेलं वाचा, 100 ते 240 व्होल्ट असेल तर ते कारण नाही. नुसतं अडॅप्टर गेलं असेल तर तेवढ्याच व्होल्ट-अँपिअरचं इथे मिळतं, आधी ते बदलून बघा.

प्रश्न : मी हिंजवडीत एका कंपनीच्या कस्टमर सपोर्टला आहे, नाव छापू नका. लोक फोनवर आईबहिणीवरून शिव्या देतात. आम्हाला खरंच काही करायचं असतं पण हातात फार काही नसतं. वाचकांना सांगाल का, की आमच्याशी कसं बोललं तर त्यांचंच काम होईल? (पुणे)

उत्तर : सांगते, आणि तुझ्या मेलमध्ये तू जे लिहिलंयस तेच सांगते कारण ते कुणी आतून सांगत नाही. पहिल्या फोनवर जो मुलगा किंवा मुलगी असते तिच्या स्क्रीनवर ठरलेले पर्याय असतात, त्यातला एक निवडून तिला तिकीट बनवायचं असतं, ठरावीक रकमेच्या वरचा रिफंड ती मंजूर करू शकत नाही आणि कॉल किती मिनिटं चालला याचाही हिशोब तिच्या नावावर लागतो. म्हणून पहिल्याच वाक्यात ऑर्डर नंबर आणि दोष सांगा, "खराब आहे" एवढंच नको, "चालू केल्यावर वीस मिनिटांनी स्क्रीन काळी होते, दुसऱ्या केबलने आणि दुसऱ्या लॅपटॉपनेही तेच" असं, म्हणजे तिला केबल बदलून बघा, रिस्टार्ट करा या पायऱ्या तुमच्याकडून करून घ्याव्या लागत नाहीत, नोटमध्ये झालं म्हणून लिहिता येतं. "तुम्ही तिकिटात काय नोंदवलंत ते मला वाचून दाखवाल का?" हा प्रश्न विचारायला लाजू नका, कारण पुढचा माणूस तुमचं बोलणं ऐकत नाही, ती नोटच वाचतो. आणि तिच्या हातात नसेल तर "हे एस्कलेट करा, मला नवा तिकीट नंबर आणि कधीपर्यंत उत्तर येईल ती तारीख द्या" असं शांतपणे म्हणा. तारीख मिळाली की फोन ठेवल्या ठेवल्या दोन ओळींचा मेल टाका की आज अमुक वाजता बोलणं झालं आणि अमुक तारीख सांगितलीत.

शिव्या देणाऱ्याचा कॉल नियमाप्रमाणे कट करता येतो हेही तू लिहिलंयस, आणि तो कट झाला की तिकीट "ग्राहकाने सहकार्य केलं नाही" म्हणून बंद होऊ शकतं. पुढे आयोगात गेल्यावर कंपनी तीच नोंद काढून दाखवते.

पुढच्या अंकात प्रिंटर आणि इन्व्हर्टरचे प्रश्न घेतेय. पाठवताना बिलाची तारीख, मॉडेल आणि आतापर्यंत कुणाशी काय लेखी झालं ते सोबत लिहा, फोटोत बिलावरचा तुमचा पत्ता आणि फोन नंबर झाकून.